ब्रशचे केस कसले असावेत? बांबू, कोळसा, नायलॉन आणि आपला पावसाळा

ओटीवरून
गुहागरजवळ आमची घरगुती निवासाची सोय आहे. येणारा पाहुणा चार्जर विसरेल, टॉवेल विसरेल, पण टूथब्रश हमखास विसरतो. म्हणून खोलीत एकेक ब्रश ठेवायचा विचार आहे. प्लास्टिकचा नको, कारण दर पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर जे येऊन पडतं त्यात चपला आणि ब्रश यांचाच भरणा असतो. एका विक्रेत्याने बांबूच्या दांड्याचा, काळ्या केसांचा नमुना पाठवला. म्हणे "कोळशाचे तंतू, किटण दुप्पट निघतं, शंभर टक्के निसर्गात विरघळतं".

आमच्या मातोश्री मात्र कडक ब्रशच्या पक्षाच्या. मऊ ब्रशने दात घासले की तोंड धुतल्यासारखं वाटत नाही म्हणतात. बायको म्हणते एकदम मऊ घ्या. तर प्रश्न असा: केस कशाचे आहेत याने किटण निघण्यात खरंच फरक पडतो का? की हे सगळं पाकिटावरचंच?

काजूबोंड
पाहुण्यांना आंब्याचं पान द्या. वर "अस्सल कोकणी अनुभव" म्हणून वेगळे पैसे लावा.

सुरंगी
काजूबोंड, हसू नका. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आजी रोज आंब्याचं कोवळं पान दुमडून दात घासायची, वर राखुंडी (राखेचं मंजन). शेवटपर्यंत तिचे दात शाबूत होते, सुपारी फोडायची. आमच्या पिढीत चाळिशीच्या आत रूट कॅनल. मग या नायलॉनने साधलं काय?

पोफळीची_बाग
+१. आमचे आजोबा करंजाची काडी. कडुनिंब देशावर, आपल्याकडे करंज.

चाकरमानी
सुरंगीताई, ज्या आज्यांचे दात पन्नाशीत पडले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, हेही आहे ना! आमच्या घरातल्या एका आजीला मी कायम बोळक्याच हसताना पाहिलंय. तीही राखुंडीवालीच. आणि त्या काळी गोड किती खायला मिळायचं? गणपतीत मोदक आणि मे महिन्यात फणसपोळी. आता सकाळपासून बिस्किटं चालू.

दंतोपंत
पेशाने दंतवैद्य आहे, दापोली परिसरात. चहा घेऊन बसलोय, तर जरा लांब लिहितो.

आधी किटण म्हणजे काय ते. दातावर बसणारा तो पांढरट-पिवळट थर म्हणजे उरलेलं अन्न नव्हे. जंतूंनी स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रवात बसवलेली ती वस्ती असते. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना, कितीही पाऊस पडला तरी जात नाही, खराट्याने घासावंच लागतं, तसंच. म्हणून नुसती चूळ भरून किटण जात नाही. दात चकचकीत साफ केले तरी काही तासांत नवा थर धरायला सुरुवात होते. तो तसाच राहिला तर लाळेतले क्षार बसून काही दिवसांत दगड होतो. एकदा दगड झाला की नायलॉन असो की घोड्याचे केस, ब्रशने निघत नाही. आमच्याकडेच यावं लागतं.

आता केसांचं. पूर्वी ब्रशला डुकराचे केस असत. सन १७८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस याने ते ब्रश मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, त्याआधी चीनमध्ये होतेच. जनावराच्या केसाच्या आत पोकळी असते. त्यात पाणी शिरतं, जंतू राहतात, लवकर सुकत नाही, टोकं फाटतात. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीचं नायलॉन आलं आणि त्याचा पहिला मोठा वापर झाला तो टूथब्रशच्या केसांसाठी. बायकांचे नायलॉनचे मोजे त्यानंतर आले. नायलॉनचा केस भरीव, एकसारख्या जाडीचा, आणि त्याचं टोक घासून गोल करता येतं. खरा फायदा तिथे आहे.

म्हणजे, ओटीवरून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जात कोणती यापेक्षा जाडी किती, टोक कसं, आणि घासणारा हात कसा, हे महत्त्वाचं. कोळशाने दुप्पट किटण निघतं याला धड पुरावा नाही. तो नायलॉनमध्ये कोळशाची पूड मिसळून काळा केलेला केस असतो.

काजूबोंड
डुकराचे केस? आमचे पणजोबा विलायती ब्रश घरात येऊ द्यायचे नाहीत, ते बरोबरच होते म्हणायचे.

तंगूस
माका ब्रशातला कायएक कळना नाय, पन नायलॉनातला कळता. मालवणात जाळ्यांचो धंदो आसा आमचो.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ब्रशचा केस आणि आमचा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, भावंडंच. आम्ही कधी "नायलॉन द्या" म्हणून मागत नाही, जाडी सांगतो. पॉइंट वीस, पॉइंट तीस. पॉइंट वीसचा तंगूस बोटाला गुंडाळता येतो, पॉइंट चाळीस गुंडाळून बघा, उसळी मारून सुटतो. माल तोच. आणि दुसरी गोष्ट, नायलॉन पाणी पितं. कोरं जाळं हाताला कडक लागतं, समुद्रात भिजलं की मऊ पडतं. ब्रशचंही तसंच होत असणार. दुकानात अंगठा फिरवून "कडक आहे" म्हणता, तो तोंडात भिजला की वेगळाच.

बापूस सांगायचा, आधी सुती आणि तागाची जाळी होती, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायची, नाहीतर कुजायची. नायलॉन आलं आणि ते सगळं गेलं.

मास्तर_चिपळूण
तंगूस यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. त्यांच्या मुद्द्याला जरा गणिताची जोड देतो (निवृत्त झालो तरी खोड जात नाही).

गोल काडी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. मऊ ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटर, मध्यम ०.३ च्या आसपास. जाडी दीडपट म्हणजे ताठपणा १.५ × १.५ × १.५ × १.५, पाचपट! आणि लांबीचा परिणाम उलटा, तिसऱ्या घाताचा. केस १० मिलिमीटरऐवजी १२ ठेवला तर ताठपणा चाळीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून एका कंपनीचा "सॉफ्ट" दुसऱ्या कंपनीच्या "मीडियम"सारखा लागू शकतो.

काजूबोंड
मास्तर, दहावीला तुम्ही असतात तर आमचं गणित सुटलं असतं.

खाडीपल्याड
मास्तर, एक दुरुस्ती. पाचपट एका केसाचं झालं. ब्रशच्या दांड्यात भोक तेवढंच असतं. केस दीडपट जाड केले तर त्या भोकात निम्म्याहूनही कमी बसतील, साधारण ४४ टक्के. म्हणजे पूर्ण झुपका सव्वादोन पटच ताठ होईल. हिरडीला मात्र झुपका टोचत नाही, एकेक केस टोचतो, तिथे तुमचे पाचपट लागू.

मास्तर_चिपळूण
मान्य. एकदम मान्य. वर्गात असा विद्यार्थी मिळाला असता तर.

देशावरची
साताऱ्याची आहे, सासर राजापूर. इथे मला सगळ्यात खटकलं ते हे की पावसाळ्यात ब्रश सुकतच नाही. सकाळी घासला की रात्रीपर्यंत ओलाच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कपडे सुकत नाहीत तिथे ब्रश काय सुकणार! एकदा कोणीतरी भेट दिलेला बांबूचा ब्रश वापरला, तर श्रावण येईपर्यंत दांड्याला काळे ठिपके, आणि केस रोवलेत तिथे बुरशी. पाहुण्यांच्या खोलीत ठेवणार असाल तर ओटीवरून, जूननंतर सांभाळून.

ओटीवरून
देशावरची ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. माझा गडी म्हणतो बांबूला तेल लावा. मग पाहुण्याच्या तोंडात तेल?

पोफळीची_बाग
खोबरेल लावा की. तसंही हल्ली लोक तेलाच्या चुळा भरतातच.

दंतोपंत
ओल्या हवेबद्दल. ब्रश उभा ठेवा, केस वर, टोपण न लावता. ते प्लास्टिकचं टोपण प्रवासापुरतं, रोज लावलं तर आत दमट राहतं. जमलं तर दोन ब्रश आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला सुकायला वेळ मिळतो. एकाच पेल्यात घरातल्या सगळ्यांचे ब्रश डोकी टेकवून ठेवू नका. आणि कृपा करून उकळत्या पाण्यात बुडवू नका, केस वाकतात.

यात केसाच्या जातीने थोडा फरक पडतो, हे तंगूस यांचं बरोबर आहे. सगळी नायलॉनं सारखं पाणी पीत नाहीत. ब्रशसाठी चांगली कंपनी ६१२ नंबरचं नायलॉन वापरते, ते साध्या ६ नंबरपेक्षा खूपच कमी पाणी शोषतं. दुसरा एक प्रकार असतो, पीबीटी नावाचा, पॉलिस्टरच्या कुळातला. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, भिजला तरी तेवढाच ताठ राहतो. हल्ली "अति बारीक टोकाचे" म्हणून जे ब्रश मिळतात, त्यातले बरेच या पीबीटीचे. टोक अल्कलीत बुडवून झिजवतात, म्हणून ते निमुळतं होतं. हिरडीच्या कडेला आणि फटीच्या तोंडाशी ते बरं पोचतं. सपाट भागावर गोल टोकाचा साधा मऊ ब्रशही तितकंच काम करतो.

सुरंगी
म्हणजे आजीच्या पानाला तुम्ही काहीच किंमत देत नाही तर.

दंतोपंत
तसं नाही हो, सुरंगीताई. काडीला देतो. दातवणाची काडी चावून कुंचला केला की ते खरोखर किटण काढणारं साधन होतं. मिसवाकच्या, म्हणजे पीलूच्या झाडाच्या काडीबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच म्हटलंय की जिथे तिची चाल आहे तिथे ती जरूर वापरावी. अडचण एवढीच, काडीचे तंतू दांड्याच्याच दिशेने असतात. समोरचे दात छान निघतात, मागच्या दाढेची आतली बाजू राहते. तिथे आडवं वळवायला ब्रशचं डोकं लागतं.

राखुंडीला मात्र किंमत देत नाही. ती खरखरीत असते. आणि मशेरीचं तर नावच नको. भाजलेला तंबाखू तो. कितीतरी आया-मावशा "दात घासते" म्हणून दिवसातून चारदा लावतात, ती सवय तंबाखूची असते, दाताची नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजून केली तर कोण अडवणार? तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट बघतो तेव्हा दर वेळी हा प्रश्न विचारावा लागतो.

चाकरमानी
हे वर पिन करून ठेवा कोणीतरी. आमच्या मावशीला मशेरी सोडवताना घरात महाभारत झालंय.

सुरंगी
मशेरीबद्दल दुमत नाही. आमची आजी फक्त राखुंडी लावायची, हे नोंदवून ठेवते.

पोफळीची_बाग
आणि माडाच्या हिराने दात कोरायचे त्याचं काय? जेवण झालं की झावळीतला हिर ओढायचा, कोरत ओटीवर बसायचं. बांगड्याचा काटा अडकला तर त्याच्यासारखं हत्यार नाही.

खाडीपल्याड
आमच्या वडिलांनी हिराने कोरून कोरून दोन दाढांमध्ये अशी फट केली होती की त्यात अख्खा शेंगदाणा बसायचा. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

दंतोपंत
फटीसाठी बारीक ब्रश मिळतात, तारेवर केस गुंडाळलेले. फट असेल तर ते, नसेल तर धागा. कोणत्याही ब्रशचे केस, कितीही भारी असोत, दोन दातांच्या मध्ये पुरते पोचत नाहीत. काटा काढायला हिर चालेल एखाद्या वेळी, हिरडीत खुपसू नका म्हणजे झालं.

देशावरची
लहान मुलांचं सांगा ना. मुलाला बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश आणलाय.

दंतोपंत
पहिले दात येताना हिरड्या पुसायला ठीक. दाढा आल्या की लहान डोक्याचा मऊ नायलॉनचा. सिलिकॉनचे दाणे जाड असतात, खाचेत जात नाहीत.

मास्तर_चिपळूण
टोकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना ब्रशचे केस दाखवायचो. जत्रेतल्या ढिगातला स्वस्त ब्रश आणि दुकानातला बरा ब्रश, दोन्हींचा एकेक केस उपटून. स्वस्तातल्याचं टोक तिरकं छाटलेलं, कडा धारदार. दुसऱ्याचं गोलसर. मुलं त्या दिवसापासून ब्रशकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. भिंगाची जोड लावलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही दिसतं. ओटीवरून, विक्रेत्याच्या नमुन्यावर हा प्रयोग जरूर करा.

ओटीवरून
मास्तर, केला! पुतण्याने भिंग लावून फोटो काढले. दहा-बारा केस बघितले, त्यातले गोल टोकाचे थोडेच. बाकीचे छाटल्यासारखे. आणि "शंभर टक्के विरघळतं" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना फोन करून विचारलं की केस कशाचे? आधी म्हणाले बांबूचेच. मग म्हणाले वनस्पतीजन्य. मग म्हणाले विचारून सांगतो.

खाडीपल्याड
"वनस्पतीजन्य" म्हणजे बहुतेक एरंडेलापासून केलेलं नायलॉन, ११ नंबरचं. एरंडीत आपला देश जगात पहिला, मुख्यतः गुजरात. कच्चा माल झाडापासून आला हे खरं, पण तयार झालेलं ते नायलॉनच. मातीत टाकलं तर कुजत नाही. खनिज तेल वाचतं, किनारा वाचत नाही. जवळपास सगळ्याच बांबू ब्रशना केस नायलॉनचेच असतात. खरोखर कुजणारे केस हवे असतील तर परत डुकराकडे जावं लागेल.

शिवाय प्रत्येक झुपका दुमडून धातूच्या बारीक पट्टीने भोकात ठोकलेला असतो. दांडा जमिनीत पुरायचा तर आधी पकडीने झुपके उपटून काढा.

काजूबोंड
पाहुणा येणार, एक रात्र राहणार, जाताना पकडीने ब्रशचे केस उपटणार. होमस्टेचा नवा उपक्रम.

चाकरमानी
मातोश्रींच्या कडक ब्रशचा मुद्दा राहिला. माझ्याही बापाला तोच लागतो, फरशी घासल्यासारखा घासतो. त्याच्या दातांना हिरडीशी खाचा पडल्यात, थंड पाणी लागलं की कळ.

दंतोपंत
हा विषय वाटतो तितका सरळ नाही. कडक किंवा मध्यम केसाने सपाट भागावरचं किटण काही चाचण्यांत थोडं जास्त निघालेलं आहे, नाकारत नाही. पण त्यासोबत हिरडीला इजाही जास्त. हिरडी एकदा खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि ते वरच्या आवरणापेक्षा फार मऊ असतं. तिथे त्या खाचा पडतात.

आता गंमत. नुसत्या ब्रशने, पेस्टशिवाय, दाताचं आवरण जवळजवळ झिजत नाही. झिजवते ती पेस्टमधली खरखरीत पूड, ब्रश तिला फिरवतो. आणि मऊ केस जास्त वाकतात, जास्त पेस्ट धरून ठेवतात, त्यामुळे प्रयोगशाळेत काही वेळा उघड्या मुळाची झीज मऊ ब्रशने जास्त झालेली दिसली आहे. म्हणजे मऊ ब्रश घेऊन रगडलं तर तो निर्दोष असं नाही. मुठीत नको, पेनसारखा बोटांत धरा. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात टेकवून छोट्या हालचाली. ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते, १९४० च्या दशकातली. दोन मिनिटं. घाई नको.

आणखी एक, आपल्याकडचं खास. सोलकढी, कोकम सरबत, कैरी, बिमली, आंबट खाऊन लगेच घासू नका. आम्लाने आवरण तात्पुरतं मऊ पडतं. आधी पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

सुरंगी
हे पटलं. आमच्याकडे बिमलीचं लोणचं संपत नाही.

तंगूस
डॉक्टर, विजेच्या ब्रशाचा काय? मुंबयसून भाच्याने धाडलोहा.

दंतोपंत
तंगूसदादा, वापरा. हाताच्या ब्रशपेक्षा किटण थोडं जास्त काढतात. कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात पहिल्या तीन महिन्यांत ११ टक्के, त्यापुढे २१ टक्के असा फरक आलाय. पण तिथेही केस नायलॉनचेच, डोकं वेळेवर बदलावं लागतं. दाबू नका, तो स्वतः काम करतो.

पोफळीची_बाग
वेळेवर म्हणजे कधी? आमच्याकडे ब्रश झिजला की तो पिताश्रींच्या मोटारसायकलच्या साखळीला जातो, तोवर बदलत नाही.

दंतोपंत
तीन-चार महिने म्हणतात. मी पेशंटला महिने मोजायला सांगत नाही, मागून बघायला सांगतो. केस डोक्याच्या कडेबाहेर फाकलेले दिसले की त्याला साखळीकडे पाठवा. नुसता जुना झालेला पण सरळ केसांचा ब्रश अजून काम करतो. आणि कोणाचा महिन्याभरातच फाकत असेल तर हात जड आहे.

देशावरची
मुलांसाठी एक सोपा उद्योग सुचवते. बिटाचा तुकडा चावायला द्या, मग हलकी चूळ. जिथे लाल राहील तिथे किटण. माझ्या मुलाने स्वतःच्या दाढा आरशात बघितल्या आणि पहिल्यांदा न ओरडता घासायला गेला.

दंतोपंत
उत्तम. आमच्याकडे त्याच्या गोळ्या असतात, पण बीट घरात असतंच. नवा मऊ ब्रश आणि फाकलेला जुना, दोन्ही एकेका बाजूने करून बघा, मुलांना फरक दिसेल.

ओटीवरून
बिटाचा प्रयोग मातोश्रींवर केला. कडक ब्रशने घासूनही हिरडीच्या कडेला लाल रेघ तशीच. त्या म्हणाल्या बीटच चांगलं नव्हतं.

बाकी ठरवलंय असं. खोलीत ब्रश ठेवणार नाही, ज्याला लागेल त्याने मागावा, म्हणजे उगाच फोडलेल्या पाकिटांचा ढीग होणार नाही. गोल टोकाचा, मऊ, साधा नायलॉनचा. दांडा बांबूचा, पण फक्त नोव्हेंबर ते मे. पावसात तसेही पाहुणे मोजकेच. कोळसा रद्द. त्या गृहस्थांचा अजून फोन आलेला नाही.

खाडीपल्याड
पाहुण्याला सांगा ब्रश सोबत घेऊन जा. एका रात्रीत टाकला तर बांबू काय आणि प्लास्टिक काय.

काजूबोंड
आणि जो पाहुणा वापरलेला ब्रश पुढच्यासाठी ठेवून जाईल त्याला पुढच्या वेळी कडक ब्रश, मातोश्रींच्या हातून.

पोफळीची_बाग
डॉक्टर, शेवटचं. कवळीला कोणता ब्रश? आईची नवीन आली आहे.

दंतोपंत
कवळीचा वेगळा ब्रश मिळतो, तो नाही मिळाला तर मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, तिने कवळीवर चरे पडतात आणि चऱ्यांत किटण धरतं. धुताना खाली पातेल्यात पाणी ठेवा, हातातून निसटून फरशीवर पडली की दोन तुकडे होतात. रात्री काढून पाण्यात ठेवायची, आणि पाणी गार, गरम नव्हे.

पोफळीची_बाग
पातेलं ती स्वयंपाकातलं देणार नाही, पण बघतो.